बेशरमीची खाडी

पहाटे चारला निघायचं ठरलं होतं.
कौसाबाई लिंबोरे साडेतीनलाच काठावर,
डोक्याला टॉवेल, कमरेला नायलॉनची दोरी,
हातात बांबू, सरावानं गुळगुळीत झालेला.
"पाणी उठायच्या आत पोचू," म्हणाली.
मी हसलो. हे पाणी कुठं उठतं?

मी खाडीकाठचा.
आमच्याकडे पाणी दिवसातून दोनदा येतं, दोनदा जातं,
आणि ते गेल्यावर तिवरं
चिखलातून बोटं वर काढून बसतात.
बाबा मुंबईच्या पाहुण्यांना तांबोशीला न्यायचे,
होडीत बोलायचे नाहीत, फक्त हनुवटीनं दाखवायचे.
माझ्या बदलीच्या कागदावर पैठण होतं.
बँकेच्या खिडकीतून एवढं थोरलं पाणी
आणि त्याला कसला वास नाही.

"इथं भरती कधी असते?" विचारलं, गंमत म्हणून.
ती गंमतीत नव्हती.
"वरल्या धरणातून सोडलं की.
आधी पेपरात येती, मग पाण्यात."

बेशरमीच्या जाळीत शिरलो.
मांडीभर पाण्यात उभी, फिकट जांभळ्या फुलांची,
जिला शेळीसुद्धा तोंड लावत नाही.
पण खोडाखोडांतून तोच काळोख, तेच बुडबुडे,
तसंच मान खाली घालून पुढं सरकणं.
मी ओठांवरून जीभ फिरवली.
गोडं.

"मरळ हाय. वर येऊन वारा पिऊन गेली," ती पुटपुटली.
"आता तीनशे मोजा. परत तिथंच येती."
मी दोनशे दहापर्यंत मोजलं, मग चुकलो.
ती चुकली नाही.
दोनशे अठ्ठ्याण्णववर पाणी फुटलं, मी गळ फेकला,
तो बेशरमीच्या फांदीवर जाऊन लोंबला
आणि एक पाणकावळा माझ्याकडे बघत राहिला.

पुढच्या वळणावर तांबूस पिलांचा घोळका,
पाण्यावर बारीक रिमझिम चालल्यासारखा,
आणि त्याखाली एक जाड, स्थिर सावली.
मी काठी उचलली.
मनगटावर बांबू आला. हलकाच.
"तिच्यावर नगं. लेकुरवाळी हाय."

बाबाही एक फाटा टाळायचे,
पाहुणे शिव्या देत तरी.
मला वाटायचं, धंद्याचं गुपित.
कधी विचारलं नाही.

उजाडताना मोकळ्या पाण्यात आलो.
गळ खोल गेला आणि बसला.
ओढला. हलेना.
मासा नव्हे; मासा ओढला की ओढतो.
कौसाबाईनं दोरीला दोन बोटं लावली,
डॉक्टर नाडी बघतो तशी,
काठावरचं बाभळीचं झाड बघितलं, मग टेकाड, मग पुन्हा दोरी.
"थारोळं हाय," म्हणाली. "आमच्या हिरीचं.
जुन्यातलं."
गावाला ती नाव लावत नव्हती. नुसतं जुनं.
"माझी आजी तिथं भांडी घासायची.
कोरड्या साली वर येती हीर, तवा जाऊन बसते मी.
बाकीच्या साली असं कुणाचं तरी अडकलं की कळतं
हाय म्हणून."

बराच वेळ ती दोरी सोडेना.
मीही काही बोललो नाही.
पाणी सपाट होतं, तराफा जागच्या जागी
हळू फिरत होता.
मग तिनं दातानं दोरी तोडली,
उरलेलं टोक बोटाला गुंडाळलं.
"गळाचे पैसे मागू नका हां," म्हणाली, "तिनं घेतला तो तिचा."

काठावर मी ठरलेले पाचशे दिले.
तिनं शंभर परत केले.
"एक तास हिरीवर गेला.
त्याचे तुमच्याकडून काहून घेऊ?"

मासे? दोन चिलाप्या, तळहाताएवढ्या.
त्याही येताना
तिनंच धरलेल्या.